सोमवारचा उपवास
साबुदाण्याची खिचडी परतल्याचा वास आला की मला शिरोळच्या एका घरातला सोपा, पावण्यांना बसवायची ती पुढची पडवी, आठवते. मुलगी बघायला गेलतो. माझ्या आतड्याला कायमची सूज, त्यामुळं तिखट आणि शेंगदाणे बंद, दिवसातून सात-आठदा पळापळ. पण आईनं बजावलेलं, आजाराचं तिथं अवाक्षर काढायचं नाही. म्हणून झणझणीत पोहे पुढं आल्यावर मी सोमवारचा उपवास ठोकून दिला. झालं! मुलीच्या आईनं लगेच मिरच्या आणि कूट घालून ताटभर खिचडी आणली. “लाजू नका पावणं, उपासाला चालतंय की!” तेवढ्यात पोटात कळ आली. मी ताडकन उठलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “उपास खोटा हाय. आतड्याचा आजार हाय, जन्माचा. आधी संडास कुठं हाय ते सांगा.” परत सोप्यात आलो. माझ्या जागेवर खिचडीऐवजी मऊ भाताची वाटी होती, आणि दारात उभी राहून मुलगी विचारत होती, “ह्ये तरी चालतंय, का ह्याचा बी उपास?” आज कुणाकडंही गेलो तरी बसण्याआधी मी संडास विचारून घेतो, उजळ माथ्यानं. आणि दर सोमवारी ती माझ्यासमोर बसून, मिटक्या मारत, एकटीच खिचडी खाते.