मागचा लाल दिवा

दवाखान्यात सगळे त्याला घंटीकाका म्हणत. बावीस वर्षं रक्ताचे नमुने सायकलवरून प्रयोगशाळेत पोचवणारा हा शिपाई रिकाम्या गल्लीच्या वळणावरही घंटी वाजवायचा. "काका, मांजरांनाही वर्दी देता का?" म्हणून नर्सबाई त्याला चिडवायच्या.

त्या दुपारी मात्र त्या हसत नव्हत्या. "सकाळचा नमुना वाया गेला, हा दुसरा आहे. चारला प्रयोगशाळेतलं मशीन बंद करतात. दोन दिवसांचं बाळ आहे, काका. परत टोचायला त्याच्या टाचेत जागा नाही हो."

बाहेर पाऊस झोडपत होता. भर दुपारी अंधारून आलं होतं. काकाने मागचा लाल दिवा लावला, कॅरिअरवर डबा बांधला आणि वर काळं प्लॅस्टिक गुंडाळून दोन गाठी मारल्या. आपण भिजलो तरी चालेल, डबा भिजता कामा नये.

रस्त्यावर येताच तो नेहमीसारखा ब्रेक हलके दाबत राहिला. ओली चाकं ऐनवेळी दगा देतात. झेब्रा क्रॉसिंगचे गुळगुळीत पट्टे त्याने तिरके न घेता सरळ ओलांडले. तरी आज काहीतरी बिनसलं होतं. एक बस कोपराला हवा मारून गेली. एका गाडीने अगदी मागच्या चाकाशी येऊन ब्रेक मारला. आपलीच सायकल डगमगतेय की काय? की आता वय झालं?

सिग्नलला मागचा ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "ओ मामा, जीव नकोसा झालाय का? मागून दिसतच नाही तुम्ही!"

काकाने वळून पाहिलं. काळ्या प्लॅस्टिकचं लोंबतं टोक दिव्यावर घट्ट चिकटून बसलं होतं. दिवा आत इमानेइतबारे जळत होता.

चारला अकरा मिनिटं होती. सायकल फुटपाथवर चढवून तो गाठी सोडायला लागला. भिजलेल्या गाठी ढिम्म हलेनात. आणखी दोन मिनिटं गेली. शेवटी त्याने प्लॅस्टिक दातांनी फाडून खिशात कोंबलं. दिवा उघडा करून तो रस्त्यावर परतल्यावर मागच्या गाड्या वळसा घालून जाऊ लागल्या. तरी काकाने वेग वाढवला नाही. पडलो तर डबाही पडेल, एवढंच डोक्यात होतं.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी निथळता डबा पाहून कपाळाला हात लावला. "भिजवलात ना!"

"आधी उघडा तरी," काका म्हणाला.

आत सगळं कोरडं होतं. रक्त गोठलंय का ते बघायला बाईंनी नळी उजेडात धरून तिरकी केली, परत एकदा केली. मग घड्याळाकडे पाहिलं. चारला दोन कमी. "चालेल," त्या म्हणाल्या. काका तिथल्याच बाकावर मटकन बसला.

तेव्हापासून निघण्याआधी तो सायकल भिंतीला टेकवतो, वीस पावलं मागे जातो आणि डोळे बारीक करून बघत उभा राहतो.

"पसंत आहे का मुलगी?" नर्सबाई दारातून विचारतात.

"दिसतेय," काका म्हणतो, आणि निघतो.