दोराची ढील

तिसगावच्या भीमराजला कुणी काही म्हणो, यारीवर त्याचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. यारी म्हणजे विहिरीतला मुरूम डब्यात भरून वर ओढणारं यंत्र. त्या कामाचे नियम दोनच. दोर ढिला पडला की लगेच ओढून घ्यायचा. आणि ज्याच्या हातून काही खाली पडलं, त्यानंच उतरून ते वर आणायचं.

पहिला नियम तो एकदाच चुकला. डबा कपारीला टेकला, दोर ढिला पडला आणि ह्या बाबाचं लक्ष बिडीकडं! भरलेला डबा कलंडला. खाली सख्खा भाऊ होता, बजरंग. दुसरा नियम मात्र त्यानं पाळला. भावाला स्वतः उतरून वर आणलं.

त्यानंतर त्याला यारीवर बसवेना. शेवटी बायकोच्या भाचीनं, संगमनेरच्या आरतीनं, त्याला समुद्र मोजणाऱ्या जहाजावर दोर ओढायच्या यंत्रावर कामाला लावलं. तिचा अभ्यासच तो.

"काका, आषाढात तुमच्याकडं वारा सुटतो ना, तो ह्या पाण्यावरूनच जातो. जाताना पाण्याला ढकलतो. लाटा आपल्याला दिसतात, पण त्याची थोडी ताकद खाली पन्नास-साठ मीटर शिरते, वरचं कोमट आणि खालचं गार पाणी घुसळून काढते. किती शिरते, ते मला मोजायचंय."

"आन् आमच्याकडं नुसती धूळ उडवाया येतंय व्हय!" भीमराज म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी तो हसला होता.

मे महिन्यात तिनं यंत्रांची लांब माळ समुद्रात सोडली. पावसाळाभराची मोजणी त्या यंत्रांच्या पोटात साठणार होती. चार वर्षांचा अभ्यास त्यावर उभा होता, आणि दुसरी माळ मिळणार नव्हती.

सप्टेंबरअखेर ती काढायला गेले तेव्हा वारा पडलेला. भीमराजला वाटलं, आता काय, हातचा मळ! पण वारा गेला तरी त्यानं दिलेलं बळ पाणी लगेच सोडत नाही. लाटा संथ, उंच, येतच होत्या.

"दोर ढिला पडला तरी हात लावू नका काका," आरतीनं बजावलं. "जहाज खाली जातं म्हणून ढील पडते. वर आलं की आपोआप भरते."

"व्हय," तो म्हणाला. व्हय म्हणायला काय जातं!

माळ निम्म्या वाटेवर आली आणि जहाज लाटेच्या खळग्यात बसलं. दोर ढिला पडला. भीमराजला बजरंग दिसला, आणि हातानं खटका ओढला. सगळी ढील गुंडाळली गेली. पुढच्या लाटेनं जहाज उचललं तेव्हा दोराकडं द्यायला वीतभरही उरलं नव्हतं. तो काडकन तुटला आणि माळ तळाला गेली.

आरती कठडा धरून पाण्याकडं बघत राहिली. रडलीसुद्धा नाही, आणि तेच त्याला सोसवेना. त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या, सदऱ्याची बटणं सोडायला लागला.

"काका, काय करताय?"

"उतरतो."

"खाली दोन हजार मीटर पाणी आहे, काका."

भीमराज उघडा, सदरा हातात धरून तसाच उभा राहिला.

"बजरंगला निदान वर तरी आणला हुता गं," तो म्हणाला.