आधी हातमोजे

हेल्मी निस्कनेनबाईंनी गावच्या सरकारी शाळेत सदतीस वर्षं बालवर्ग शिकवला आणि त्यातली निम्मी वर्षं, त्या स्वतःच म्हणत, पोरांना कपडे चढवण्यात गेली. उत्तर अमेरिकेतलं, सुपीरियर सरोवराच्या काठचं गाव, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ. मधल्या सुट्टीत बावीस पोरं बाहेर काढायची म्हणजे बावीस जाड विजारी, बावीस कोट, चव्वेचाळीस बूट. शेवटचं पोर तयार होईतो पहिल्याला शू लागलेली असायची. तरी ओल्या लोकरीचा तो वास आठवला की बाईंचा जीव अजून हळवा होतो.

म्हणूनच बाईंची परीक्षा वेगळी होती. दर मे महिन्यात आईबाप चार-पाच वर्षांची पोरं शाळेत दाखवायला आणत. इतर बाया रंग विचारत, आकडे विचारत. निस्कनेनबाई कोपऱ्यात हिवाळी कपड्यांचा ढीग ठेवत आणि म्हणत, "चल, बाहेर जायचंय. घाल बघू." विजार, बूट, टोपी, कोट, कोटाची चेन आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. एवढं जमलं की पोर शाळेला तयार. आधीच हातमोजे चढवले तर चेन काय नाकाने लावणार? असं पोर कच्चं, एक वर्ष घरी. या परीक्षेबद्दल गावात कुणी शंका काढली नाही. बाईंनीही नाही.

बाईंच्या निवृत्तीच्या वर्षीच नियम बदलला होता. पूर्वी नोव्हेंबरअखेर पाच वर्षं पूर्ण होणारं पोर चालायचं, आता एक सप्टेंबरलाच पाच पूर्ण हवीत. त्यानंतर पाच पूर्ण होणाऱ्या पोरांसाठी आईबापांनी अर्ज करायचा आणि त्यावर बाईंनी शेरा मारायचा. त्या मे महिन्यात असा एकच अर्ज आला. ओरिन कांगसचा, त्याच्या लेम्पीसाठी.

नाव वाचून बाईंची कॉफी तशीच निवली. हा ओरिन हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो त्याच दिवशी जन्मलेला. अर्थातच बाप जंगलात. मुलगा झाल्याचं त्याला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही हरीण मिळालं नाही म्हणून चडफडत घरी आला तेव्हा. पुढे बाईंच्या नोकरीच्या अगदी पहिल्या मे महिन्यात ओरिनला शाळेत आणलं होतं. त्याने कोटाआधी हातमोजे घातले आणि दोन्ही हात पसरून बाईंसमोर येऊन उभा राहिला. बाई वही घेऊन बघत राहिल्या. पोरगं हलेना. शेवटी त्यांनी लिहिलं, एक वर्ष थांबावं. शेजारचा डॅनी, ज्याच्याशिवाय ओरिन जेवतसुद्धा नसे, तो मात्र पास झाला.

आता चाळिशीचा, दाढीवाला, लाकूडतोडीच्या कामावरून तसाच आलेला ओरिन लेकीचं बोट धरून दारात उभा होता.

"बाई, ओळखलंत का?"

"तुला कोण विसरेल? बापाला तीन दिवस ज्याचा पत्ता नव्हता, तो तू."

"आणि शाळेला वर्षभर ज्याचा पत्ता नव्हता तोही मीच," ओरिन हसत म्हणाला, पण टोमणा बसायचा तिथे बसला. "रोज सकाळी खिडकीत उभा राहायचो, बाई. बस यायची, डॅनी चढायचा, बस जायची. आई म्हणायची, पुढच्या वर्षी हं. अजूनही पिवळी बस दिसली की मी मान फिरवतो. शेजारची पोर सप्टेंबरात शाळेत जाणार आहे. हिला त्या खिडकीत उभी नाही करायची मला."

बाईंनी ढिगाकडे बोट दाखवलं. "लेम्पी, बाहेर जायचंय. घाल बघू."

लेम्पीने विजार घातली. बूट, टोपी. मग लांब मनगटाचे लाल लोकरीचे हातमोजे उचलले, पार कोपरापर्यंत ओढले आणि त्यावरून कोट चढवला. आणि हात पसरून बाईंसमोर येऊन उभी राहिली.

मात्र या वेळी बाईंनी वही बाजूला ठेवली. "अगं, आधी हातमोजे का?"

एवढं कसं कळत नाही, अशा नजरेने लेम्पीने त्यांच्याकडे पाहिलं. "नाहीतर बाहीत बर्फ जातो ना! मोजा आत, बाही वरून. आणि चेन मोठ्या माणसाने लावायची." मग जरा थांबून, "लावा ना. मला उकडतंय."

"जंगलात राबणाऱ्यांच्या घरी असंच घालतात, बाई," ओरिन म्हणाला. "मनगट भिजलं की हात कामातून गेला. माझी आई दारात उभी राहून सगळ्यांच्या चेनी लावायची."

"मग तेव्हा बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही विचारलं कुठे? मी वाट बघत होतो, तुम्ही लावाल म्हणून."

बाई दुकानदाराची लेक, भर गावात वाढलेल्या. अशी आणखी किती पोरं हात पसरून आपल्यासमोर उभी राहिली असतील, या विचाराने त्यांना भरून आलं. त्या खाली बसल्या, गुडघे कुरकुरले, आणि त्यांनी लेम्पीची चेन गळ्यापर्यंत लावली.

"ओरिन, माझं चुकलं. फार चुकलं."

"जाऊ द्या हो. डॅनीची जुनी पुस्तकं फुकट मिळाली मला दरवर्षी."

बाईंनी अर्जावर शेरा लिहिला, 'तयार आहे. चेन लावायला मोठं माणूस हवं.'

ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला त्या सकाळी बाई घरीच, खिडकीत उभ्या होत्या. कॉफी, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा, आणि घाई कसलीच नाही. वळणावरून पिवळी बस आली. आजवर सकाळी ती येताना त्यांनी शाळेच्या दारातून पाहिली होती, पोरांना घेऊन पुढे निघून जाताना कधीच नाही. मागच्या खिडकीत लेम्पी होती, हातमोजे बाहीत नीट खोचलेले, दोन्ही हात हलवत. बाईंनीही हात हलवला. बस निघून गेली, रस्ता रिकामा झाला, घड्याळात अजून आठही वाजले नव्हते. आख्खा दिवस समोर पडला होता. ओरिनचं ते वर्ष केवढं मोठं असेल, ते बाईंना आपल्या खिडकीत उभं राहून कळलं.