हेडलाइट आणि माझं शहाणपण

गाडीचे दोन्ही हेडलाइट एकदम बंद पडले आणि आमच्या सक्करदरा वस्तीत इलेक्ट्रिशियनांचं पीक आलं. पहिला उगवला माझा साळा. बॉनेट उघडायच्या आधीच त्याचं निदान तयार, "भाऊजी, बल्ब गेले." दोन्ही बल्ब एकाच संध्याकाळी, जसे काही ठरवून गेले! नवे बल्ब लावले, उजेड नाही. मग फ्यूज बदलला, मग रिले. जन्मभर विम्याच्या पॉलिसी गळ्यात मारणारा हा माणूस माझ्या गाडीत डोकं खुपसून सर्जनसारखा हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "पाना द्या." मला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

दुसरा चौकातला वायरमन. त्याने टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी होल्डरला टेकवली, तो पेटला. "सर, करंट तर येऊन राहिला," तो म्हणाला. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "पूरी वायरिंग बदलावी लागन." करंट येतोय हे स्वतःच दाखवायचं आणि वर वायरिंग बदलायला निघायचं! कॉलेजात मी पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आहे. असल्या उत्तराला मी शून्य दिलं असतं, आणि तसं त्याच्या तोंडावर सांगितलंही. तो पाने गोळा करून निघून गेला.

घाई होती ती पासिंगची. गाडीला पंधरा वर्षं झालेली. तपासणीत पास झाली तर राहील, नाहीतर भंगारात. गाडी बाबांची. ते वीज खात्यात लाइनमन होते, आयुष्य खांबांवर चढण्यात गेलं, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी एवढी एकच हौस केली. आता ते चालवत नसत, पण दर रविवारी मी त्यांना तिच्यातून सावनेरच्या शेतावर नेत असे. दुसऱ्या गाडीचं नाव काढलं की त्यांचे गुडघे दुखायला लागत. पासिंगला बरी दिसावी म्हणून मी स्वतः, कोणालाही हात लावू न देता, समोरची गंजलेली पट्टी घासली, तिच्यावरचे बोल्ट काढले, पट्टीला दोन हात काळा रंग दिला आणि बोल्ट पुन्हा कसले. दिवे गेले ते दुसऱ्या दिवशी.

गेटजवळच्या खुर्चीतून बाबा सगळं बघत होते. "बाबू, अर्थिंग पाह्यलं का गा?" त्यांनी विचारलं.

"बाबा, गाडी आहे ही. तुमचा खांब नाही."

साळा हसला. दुसऱ्या दिवशी बाबांनी तेच विचारलं. मी बॉनेट आपटून बंद केलं. दहावी नापास माणसाने मला वीज शिकवावी, असं माझ्या मनात आलं होतं. हे लिहायला आज जड जातं, पण आलं होतं.

पासिंगची तारीख टळली. मी वैतागून भंगारवाल्याला बोलावलं, बाबांना समजावलं आणि कागदावर त्यांची सही घेतली. दिवे लागत नाहीत हे ऐकून भंगारवाल्याने पट्टीजवळ वाकून पाहिलं, दिव्यांची काळी वायर जिथे कसली होती तो बोल्ट सैल केला, त्याच्याखालचा रंग स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला आणि बोल्ट पुन्हा कसला. मग त्याने आत हात घालून बटण दाबलं. भर दुपारी दोन्ही दिवे बाबांच्या तोंडावर पेटले.

"अर्थिंग नव्हतं भेटून राहिलं, सर," तो म्हणाला. "कोण्या येड्यानं रंग मारला त्याच्यावर."

सर्किट पूर्ण झाल्याशिवाय दिवा लागत नाही, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर काढून दाखवायचो.

बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी मला टोमणा मारला नाही. फक्त म्हणाले, "आता होते ना गा पासिंग? दुसरी तारीख घेऊ. ठेवू ना गाडी?"

साळा फाटकाला टेकून उभा होता. त्याच्या ओठांवर जे यायला लागलं होतं, ते मला दिसलं. गाडी ठेवायची म्हणजे तो येडा मीच, हे त्याच्यासमोर कबूल करायचं.

"न्या गाडी," मी भंगारवाल्याला म्हणालो.

त्या रविवारी बाबांनी सावनेरचं नाव काढलं नाही. त्यानंतरही कधी काढलं नाही.