कौतिकासाठी नेलेलं पाणी

कौतिकाच्या सुनेने कुंपणापलीकडून हाक मारली तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. "मोठ्या माय, चाला लवकर. बुढी तुमाले बलावून राहिली." भादव्यातली सकाळ होती. आठ-दहा दिवस कौतिका तापाने पडून होती, पण त्या दिवशी सुनेच्या आवाजावरूनच मला कळलं की आता फार वेळ उरलेला नाही. मी हात धुतले, पितळेचा गडवा घासला, विहिरीचं ताजं पाणी भरलं, वरून पदर धरला आणि निघाले. सून म्हणाली, "पाणी कायले घेऊन राहिल्या? आमच्या घरी पाणी नाही का?" मी उत्तर दिलं नाही. चार माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, म्हणून तिनेही पुन्हा विचारलं नाही... त्या गोष्टीला आता दोन महिने होत आले. ते पाणी मी कशासाठी नेलं होतं आणि त्याचं काय झालं, हे मी फादरनाही सांगितलं नाही, फक्त शेजारणीचं काय होईल ते विचारलं. नवऱ्याला तेवढंही नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मिशनच्या बालिकाश्रमात झाली. चुका असतील.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी माझ्या नवऱ्याची रेल्वेतली नोकरी गोंदियाला आली आणि आम्ही लाइनीमागच्या वस्तीत घर घेतलं. आमच्या कॅथलिक लोकांची घरं गावात मोजकीच. प्रार्थनेसाठी एक लांबट खोली होती, फादर महिन्यातून एकदा बाहेरगावाहून गाडीने यायचे, आणि बाकीचे रविवार प्रचारक मास्तर प्रार्थना घ्यायचे. कौतिका शेजारी राहायची. माहेर चिचगडकडच्या जंगलातलं, नवरा वारलेला. मुलगा ठेक्याने घेतलेल्या बांधीत धान पिकवायचा आणि ती बिड्या वळायची. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी असेल. आल्यावर पहिला महिना मी दार लावून घरातच बसायचे. एक दिवस तिनेच दार वाजवलं, पानं-तंबाखूचं सूप पुढे केलं आणि म्हणाली, "काऊन वं, मुकी आहेस का?"

"नाही."

"मंग बोल ना. तोंड बंद ठेवून बिड्या वळल्या तर तंबाखू नाकात जाते."

तसं काही नसतं. पण मी त्या दिवशी तोंड उघडलं. पानं कशी भिजवायची, कातरीने कशी कापायची, चिमटीत तंबाखू किती घ्यायची, दोरा कसा बांधायचा, सगळं तिने शिकवलं. माझ्या पहिल्या बिड्या पाहून ती इतकी हसली की सुपातली तंबाखू उडाली. "हे बिडी नाही बाई, हे बाळंतिणीचं बोट आहे, चिंधी बांधलेलं!"

ती रोज दुपारी माझ्या ओसरीवर बसायची आणि येताना आपलं पिण्याचं पाणी घरून घेऊन यायची. माझ्या घरचं पाणी ती प्यायची नाही. आम्ही पडलो किरिस्ताव. तिने ते लपवलं नाही आणि त्याबद्दल कधी वाईटही वाटून घेतलं नाही. माझी मुलगी झाली तेव्हा सुईण वेळेवर आली नाही आणि सगळं कौतिकाने केलं. नाळ कापली, मला शेक दिला, सव्वा महिना रोज पोरीला न्हाऊ घातलं. मग घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायची आणि तेव्हाच आपल्या चुलीजवळ जायची. रोज. थंडीचे दिवस होते. मी एकदा म्हटलं, "इतका त्रास कशाला घेता, कौतिकाबाई?" तर म्हणाली, "त्रास कायचा? तुझी पोट्टी तर माझीच आहे. पर चूल माझ्या सासूची आहे."

संध्याकाळी माझ्या हातात प्रार्थनेची माळ बघून तिने विचारलं की तू हे काय पुटपुटत राहतेस, आणि त्या दिवसापासून मी तिला सांगायला लागले. येशूचा जन्म, त्याचं मरण, तिसऱ्या दिवशी उठणं, शेवटचा निवाडा. आश्रमात सिस्टरांनी जे जे पाठ करून घेतलं होतं ते सगळं. साऱ्या आयुष्यात मी कोणाशी इतकं बोलले नाही. बिड्या वळता वळता ती कान देऊन ऐकायची आणि मध्येच असं काही विचारायची की माझा दोरा तुटायचा.

"तो निवाडा करते म्हणतेस, तर आपल्या कारखान्यातल्या छाटणीवाल्यासारखाच का?"

छाटणीवाला म्हणजे आमच्या बिड्या तपासणारा माणूस. मूठभर उचलायचा, नजर टाकायचा आणि नापसंत बिड्या आमच्याच डोळ्यांदेखत मोडून टाकायचा. मला राग आला. "देवाला असं बोलू नये."

"मी कोठी देवाले बोलली? छाटणीवाल्याले बोलली. बरं, मले हे सांग. बिडी चांगली वळली आहे, तंबाखू बराबर आहे, दोराही पक्का आहे. फक्त तिच्यावर तुमच्या कारखान्याची चिठ्ठी नाही. मंग मोडते का तो?"

हा प्रश्न मी रविवारी मास्तरांना विचारला, बिडीचा उल्लेख न करता. मास्तर म्हणाले, "जलप्रलयात नोहाच्या तारवात बसले ते वाचले, बाहेर राहिले ते बुडाले. चर्च म्हणजे ते तारू." मी ते जसंच्या तसं कौतिकाला येऊन सांगितलं. तिने वळलेली बिडी सुपात ठेवली. "अन् माझा बुढा? माझी माय? लहानपणी गेला तो माझा पोट्टा?" मी खाली बघून पान कापत राहिले. तिनेच सोडवलं मला. "राहू दे बाप्पा. तठी माझ्या वळखीचं कोणी नाही, मंग मी कायले येऊ? एक तू असशील, अन् तू तर बोलतच नाहीस." मग हसली आणि म्हणाली, "तसंही बराबरच झालं ना वं. तुमी आमाले सरगाच्या बाहेर ठेवून राहिले, आमी तुमाले रांधणखोलीच्या बाहेर."

तेव्हा मीही हसले होते. आज त्या हसण्याचाच राग येतो. तेव्हाच तिला सांगायला हवं होतं की मास्तरांना विचारून पुन्हा येते, फादरना विचारते, कुठे तरी तुझ्या नवऱ्यासाठी जागा असेल, मी शोधते. मी काही शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बिड्या वळत बसलो आणि असं करता करता शेजाराला बारा वर्षं झाली.

आश्रमात आम्हाला शिकवलं होतं की माणूस मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. बाईसुद्धा. कपाळावर पाणी ओतायचं आणि ते शब्द म्हणायचे, एवढंच. पण मोठ्या माणसाला आधी विचारावं लागतं की तुला हवं आहे का. म्हणून मी त्या सकाळी गडवा घेऊन गेले. रस्ता तो केवढा, वीस पावलं. तेवढ्यात मी शब्द तीनदा म्हणून पाहिले. एकदाही चुकले नाही.

खोलीत पाच-सहा बाया होत्या. कौतिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. सून म्हणाली, "बुढी, मोठी माय आली." तिने मान वळवली, मला पाहिलं, हातातल्या गडव्याकडे पाहिलं. मी तिच्या उशाशी बसले. विचारायचं होतं, तुला पाहिजे का. तीन शब्द. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या... आणि मी गडव्यावरचा पदर नुसता सारखा करत राहिले.   शेवटी तीच म्हणाली, "आणलंस ना? दे मंग."

मी कपाळाकडे हात नेला. तिने तोंड उघडलं.

 सून पुढे झाली आणि म्हणाली, "बुढी, ते त्यांच्या घरचं आहे, आपल्या घरचं देतो मी." कौतिकाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तोंड उघडंच ठेवलं. मी काय करणार होते? पाजलं. थोडं थोडं करून अर्धा गडवा पाणी ती प्यायली. बारा वर्षांत पहिल्यांदा. "गार आहे," एवढं म्हणाली आणि डोळे मिटले. दुपारी ती गेली. तिच्या लोकांत मरणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसाने पाणी घालायची रीत आहे. बाया मला म्हणाल्या, तुमच्याच हातचं पाणी घेतलं तिनं, नशीबवान तुम्ही. उरलेलं अर्धं पाणी मी तसंच घरी घेऊन आले आणि केळीला घातलं. तिला ठाऊक होतं का मी काय घेऊन आले ते? मी तिला कधीतरी बाप्तिस्म्याचंही सांगितलं होतं. ठाऊक असून तिने तोंड उघडलं असेल, तर ते हो होतं की नाही होतं? विचारायला ती राहिलीच नाही, आणि याचाही मला तिच्यावर राग आहे.

पुढच्या महिन्यात फादर आले. पापनिवेदनात मध्ये पडदा असतो, चेहरा दिसत नाही, म्हणून तिथे मला बोलता येतं. मी विचारलं की माझी एक शेजारीण बाप्तिस्मा न घेता गेली, तिचं काय होईल. फादर परदेशातले, पण हिंदी चांगलं बोलतात. म्हणाले, "बेटी, जिसने सत्य जाना ही नहीं, उसका क्या दोष? अपने मन की रोशनी में भला जीवन जिया हो, तो ईश्वर उसे भी बचा सकता है।" माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी उठतच होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "उसे प्रभु के बारे में किसी ने बताया तो नहीं था?"

"मी सांगितलं होतं, फादर. सगळं."

"और उसने मना किया?"

"नाही. हसायची."

 फादर म्हणाले, "मैं नहीं जानता, बेटी। आशा रखो।" आणि एक माळ म्हणायला सांगितली.

मला माळ नको होती. मला हो किंवा नाही हवं होतं. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. म्हणजे मी गप्प राहिले असते तर कौतिका न जाणणाऱ्यांत धरली गेली असती, आणि मी सांगितलं म्हणून ती जाणणाऱ्यांत गेली? जगात सगळ्यांशी मी मुकी राहिले. दूधवाल्याशी, नणंदांशी, रेल्वेच्या साहेबांच्या बायकांशी. ते सगळे सुटतील. एका माणसाशी मन मोकळं करून बोलले, आणि त्यामुळेच तिची वाट अडली असेल तर मी काय करावं? येशूची चांगली बातमी सांगा, असं सिस्टर म्हणायच्या. सांगितली की मी.

नोव्हेंबर हा आमच्यात मेलेल्यांचा महिना. ज्याने त्याने आपापल्या माणसांची नावं मास्तरांना द्यायची, ते वहीत उतरवतात, मग फादर ती वाचतात आणि त्या आत्म्यांसाठी प्रार्थना होते. मी चिठ्ठीवर सासूचं नाव लिहिलं, सासऱ्याचं लिहिलं आणि खाली लिहिलं, कौतिका. मास्तरांनी चष्मा सरकवला. "ही कोण? बाप्तिस्म्याचं नाव काय?"

"नाही घेतला."

"मग नाही लिहिता येणार, मेरीबाई."

"का?" मी विचारलं. मोठ्या माणसाला मी असं आयुष्यात विचारलं नव्हतं.

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला, पण लिहिलं काही नाही. खाली बघूनच म्हणाले, "माझे वडील बाप्तिस्मा न घेता गेले. इतकी वर्षं ही वही माझ्या हातात आहे. त्यांचं नाव मी एकदाही लिहिलेलं नाही. तुमच्या शेजारणीचं कसं लिहू?"

भांडणार होते मी, आणि आता त्या माणसाशी भांडताही येईना.

फादर आले त्या रविवारी त्यांनी नावं वाचली. माझी सासू आली, सासरे आले. वही संपली. फादरनी सवयीने विचारलं, "और कोई?" त्यावर कधी कोणी बोलत नाही, सगळी नावं आधीच दिलेली असतात. मी उभी राहिले. समोरच्या बाईच्या खांद्याला धरलं.

"कौतिका."

फादरनी कानामागे हात नेला. "ज़ोर से, बेटी।"

"कौतिका!" इतक्या जोरात की नवऱ्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. पडद्यामागचा आवाज फादरनी ओळखला की नाही, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. त्यांनी नुसतं म्हटलं, "कौतिका," बाकीची नावं म्हणतात तसंच, आणि प्रार्थना पुढे नेली. मास्तरांनी मान वर केली नाही. वहीतही लिहिलं नाही.

घरी येऊन मी सूप घेऊन ओसरीवर बसले. उजेडाच्या बाजूची तिची जागा मी अजून मोकळीच सोडते. तसं अंगवळणी पडलं आहे. नाव वाचलं गेलं, पण ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. कौतिका, मला तुझा स्वभाव माहीत आहे. सरगाच्या दारात कोणी तुला ये म्हटलंच, तरी तू सरळ आत जाणार नाहीस. आधी बुढा कुठे आहे, माय कुठे आहे, पोट्टा कुठे आहे, ते विचारशील. चांगलं मोठ्याने विचार, बाई, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलू नकोस. मला इथे कोणीच सांगत नाही.