चित्राखालच्या ओळी

सुंदराबाई ओव्हाळ मोठ्याने कधी बोलल्या नाहीत. महापालिकेच्या बालवाडीत सगळी नोकरी झाली, पण पोरांवर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. एखादं पोर फारच वळवळायला लागलं की त्या वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलायच्या आणि पोर गपकन बसायचं. घरीही तीच रीत. टोमणा मारायचा तो खालच्या आवाजात, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. मोठ्याने बोललं की त्याचं भांडण होतं, असं त्यांचं मत होतं.

या टोमण्यांचं पुढे काय होतं हे कसबा पेठेतल्या त्यांच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे यजमान सीतारामराव पाटबंधारे खात्यात आरेखक होते. दिवसभर कालव्यांचे नकाशे काढायचे आणि घरी आल्यावर ‘उठाठेव’ नावाच्या दिवाळी अंकासाठी चावट व्यंगचित्रं. सरकारी नोकरी, म्हणून चित्राखाली सही ‘श्याम’ अशी. त्यांची खिडकीचित्रं लोकांना फार आवडायची. वरच्या पानाला चौकोनी खिडकी कापलेली असते. तिच्यातून बाईचा उघडा खांदा आणि त्यावर पुरुषाचा हात दिसतो. पान उलटलं की कळतं, नवरा बायकोच्या पाठीला बाम चोळतोय आणि डोळे मात्र टीव्हीवरच्या मॅचवर आहेत. खाली बायकोची ओळ: “पाठ इथे आहे. तिथे चौकार गेलाय.”

ही ओळ सुंदराबाईंची होती. जशीच्या तशी, बामासकट.

मुलगी मैत्री लहान असताना तो अंक तांदळाच्या डब्यात लपवला जायचा. त्या ओळींबद्दल नवरा-बायकोत मात्र कधी अवाक्षर निघालं नाही. सीतारामराव गॅलरीजवळच्या टेबलावर स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचे. सुंदराबाई ओट्याशी. त्या काहीतरी बोलायच्या आणि पलीकडे पेन्सिलीची खरखर थांबायची. थांबली की समजायचं, लागलं. मग त्या चहा टाकायच्या.

अलीकडे पेन्सिल थांबत नव्हती. सुंदराबाईंना वाटलं, आपलीच धार गेली. वय झालं की सुरीचं होतं तसं जिभेचंही होत असेल.

आणि या दिवाळीत मैत्री वाकडहून आली, पिशवी टाकली आणि अंक उघडून हसत सुटली.

“आई, हे ऐक ना! पलंगावर दोघं पाठीला पाठ लावून झोपलेत आणि बायको मैत्रिणीला फोनवर सांगतेय, ‘आमचं पोस्टातल्या जुन्या खात्यासारखं. खातं चालू आहे, व्यवहार नाही.’ बाबा, शी! काय हो हे, या वयात?”

सीतारामराव नुसते हसले. सुंदराबाई चिवडा परतत होत्या. हात थांबला आणि खालचे पोहे करपले.

ती ओळ त्यांचीच होती. पण ती त्यांनी घरात उच्चारलीच नव्हती. मंडईत, घेवडा निवडताना, फक्त बायडाबाईला सांगितली होती. बायडाबाई फुरसुंगीकडची. नवरा वारल्यापासून एकटीने गाळा चालवायची, आणि तिचा आवाज मंडईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. सुंदराबाईंना ती ताई म्हणायची. म्हणून सीतारामराव आपोआप दाजी झाले होते, आणि दाजींची थट्टा करणं हा मेहुणीचा हक्कच. आजवर सुंदराबाईंना त्यात वावगं वाटलं नव्हतं.

आता वाटायला लागलं.

मग एकेक आठवत गेलं. निवृत्तीनंतर सीतारामराव दर गुरुवारी सकाळी वाचनालयात जातात. येताना भाजी आणतात. लग्नानंतर इतक्या वर्षांत या माणसाने कधी कोथिंबिरीची जुडी आणली नव्हती, आणि हल्ली भेंडी आणतो. बरं, भेंडी कोवळी असते. पुरुषाने एकट्याने जाऊन आणलेली भेंडी कोवळी नसते. कुणीतरी निवडून दिलेली असते.

सुंदराबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. मंगळवारी पिशवी घेऊन मंडईत गेल्या, वांगी चाचपली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “बायडाबाई, आमचे हे घोरत नाहीत. रात्रभर खात्याला अहवाल सादर करतात.”

बायडाबाई इतकी हसली की शेजारचा लिंबूवाला वळून बघायला लागला. “अगं बया! ताई, तुमी बी ना!”

हे वाक्य सुंदराबाईंनी मुद्दाम तयार केलं होतं. सीतारामराव घोरत नाहीत.

गुरुवारी दुपारी सीतारामराव जेवून लवंडले, तेव्हा सुंदराबाईंनी टेबलावरचा कागद उचलून पाहिला. पेन्सिलीचं कच्चं चित्र. पलंग, पोट वर करून झोपलेला नवरा, उशाशी उठून बसलेली जाडजूड बायको. त्यांच्यासारखाच अंबाडा. आणि खाली ओळ: “हे घोरत नाहीत, रात्रभर खात्याला अहवाल सादर करतात. अन् सकाळी उठून माझ्याकडं पोच मागतात.”

पोच त्यांची नव्हती. पोच बायडाबाईची होती.

सुंदराबाईंना त्या पोचेचा जास्त राग आला. नवरा दुसरीकडे जातो ही एक गोष्ट. पण तिथे बसून आपल्याच बोलण्यात ती बाई भर घालते, हा हसतो, लिहून घेतो आणि घरी येऊन आपल्याच तोंडी घालतो! त्या चित्रातल्या जाड बायकोकडे बघत राहिल्या. आपला अंबाडा आणि बायडाबाईची जीभ.

पुढच्या गुरुवारी सीतारामराव बाहेर पडले आणि थोड्या वेळाने त्याही निघाल्या. वाचनालयाच्या पायऱ्या मागे टाकून ते सरळ मंडईच्या दिशेने गेले. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. मागून येणारा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी शिव्या देत बाजूने गेला, तरी त्यांनी मान हलवली नाही. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण संशयाने निघालेल्या माणसाला तेवढंच दिसतं जे बघायला तो निघालेला असतो.

बायडाबाईच्या गाळ्यात ते पालथ्या क्रेटवर बसले होते. बायडाबाईचा हात त्यांच्या खांद्यावर होता, तोंड कानाला लागलेलं. दोघं हसत होती.

“चांगलं चाललंय वाचन,” सुंदराबाई म्हणाल्या.

सीतारामरावांनी वरही पाहिलं नाही. बायडाबाईने पाहिलं आणि हात काढून घेतला. पण घाबरून नाही. टोपली उतरवून ठेवावी तसा.

“आली बगा मालकीण,” ती म्हणाली. “बरं झालं. ताई, आता तुमीच बसा हितं. माझा घसा बसायची पाळी आलीय.”

“कशाने?”

“कशानं म्हंजे? दाजींस्नी ऐकू येत न्हाय, ठावं न्हाय व्हय तुमास्नी?”

सुंदराबाई नवऱ्याकडे वळल्या. सीतारामरावांना आता त्या दिसल्या होत्या. ते उठायला गेले, पुन्हा बसले.

“दोन पावसाळं झालं,” बायडाबाई म्हणाली. “माझं ऐकू येतं, कारन माझं समद्या मंडईला ऐकू येतं. तुमचं बोलनं असं बारीक, सुईवानी. म्हनलं, अवो, ताईला सांगा की. तर म्हनले, तिला सांगितलं तर ती वरडून बोलायला लागंल, आन मग ते तिचं बोलनं ऱ्हायचं न्हाय. हात जोडलं ओ माझ्याम्होरं. सुंदरा तुला काय सांगती, तेवढं मला सांगत जा म्हनले.”

“आणि पोच?”

“कसली पोच?”

“घोरण्याची.”

“ती माझी,” बायडाबाईने कबूल केलं. “तेवढा हक्क हाय का न्हाय मेव्हनीचा?”

दोघं घरी निघाली. सीतारामरावांच्या हातात भेंडीची पिशवी होती.

सुंदराबाईंनी सहजासहजी विश्वास ठेवला नाही. बहिरेपण पुरुषांना सोयीचं असतं, हे त्यांनी इमारतीत खूप पाहिलं होतं. ते टेबलाशी बसले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “बायडाबाईचे दात पडलेत, कळलं का?”

खरखर चालू राहिली.

“मी उद्या मैत्रीकडे जातेय, कायमची.”

खरखर चालूच.

मग त्यांना भीती वाटली. गेल्या दोन पावसाळ्यांत आपण या पाठीला काय काय सांगितलं? बहीण गेली त्या दिवशी आपण इथेच उभ्या राहून बोलत होतो. हा ‘हं’ म्हणाला होता. गुडघ्याचं सांगितलं, तेव्हाही ‘हं’. आणि एकदा, दिवे गेले होते तेव्हा, आयुष्यात न म्हटलेलं असं काहीतरी म्हटलं होतं, त्यालाही ‘हं’. त्यातले किती ‘हं’ खरे होते?

त्यांनी खुर्ची ओढली आणि टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या समोर, उजेडात बसल्या. लग्नापासून त्या जागेवर त्या कधी बसल्या नव्हत्या. सीतारामरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

“कानाच्या डॉक्टरकडे जायचं,” सुंदराबाई शब्द तोडून म्हणाल्या. “यंत्र लावायचं.”

सीतारामराव त्यांच्या ओठांकडे बघत होते. “यंत्र लावलं की सगळ्या जगाचं ऐकू येतं म्हणे. मला सगळ्या जगाचं नकोय. तुझं हवंय.”

“हे वाक्य बायडाबाईचं का?”

“काय?”

“हे वाक्य बायडाबाईनं शिकवलं का?”

“पुन्हा बोल. तू मान खाली घालतेस.”

सुंदराबाईंनी मान वर केली. गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती. बालवाडीतही कधी काढला नव्हता असा आवाज त्यांनी काढला. “हे वाक्य बायडाबाईनं शिकवलं का म्हणते मी!”

शेजारणीच्या हातातला चिमटा खाली पडला. सीतारामराव हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुंदराबाईंनाही हसू यायला लागलं होतं. त्यांनी ते ओठांत दाबून धरलं. सीतारामरावांनी डोळे पुसले आणि त्यांचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला.

सुंदराबाईंनी कागदावर पंजा ठेवला.

“हे छापायचं नाही,” त्या म्हणाल्या.

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे आपण पुन्हा खालच्याच आवाजात बोललो. सीतारामरावांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी पंजा काढला नाही.