रंगण्णाचे कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढे उभा राहिलो तरी हात जोडून घाईघाईने बाहेर पडतो, न जाणो, तोंडातून निघून जायचं. आज तुम्हाला सांगतोय, कारण दमलो आहे. अंगाने नव्हे. लॉरीखाली पाठ टेकून वीस-बावीस वर्षं काढल्यावर अंग दुखणारच, त्याचं काय एवढं? हे दमणं वेगळं आहे. झोपून उठलं तरी ते तसंच असतं.

बंगळूरच्या कलासीपाळ्यममध्ये आमचा कारखाना. कारखाना म्हणायचा एवढंच — पत्र्याचं छप्पर, खाली तेलाने काळी झालेली जमीन, आणि लढाईनंतर लिलावात निघालेल्या म्हाताऱ्या डिझेल लॉऱ्या. मालक कोल्हापूरचे. मी निपाणीचा. पण माझी आई गोकाककडची, तेव्हा कन्नड मला शिकावं लागलं नाही. बोबडं बोलायला लागलो तेच दोन्ही भाषांत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि रंगप्पा. आम्ही त्याला रंगण्णा म्हणायचो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, बनशंकरीकडच्या खेड्यातून रोज सायकल हाणत यायचा. इंजिनाचं काम मला त्याने शिकवलं. त्याच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग म्हणायचा, "मूरनेदु." तिसरा. तिसऱ्या सिलिंडरचं नोझल उघडलं की खराबी तिथेच सापडायची. हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल. होसूरहून लोक लॉऱ्या घेऊन यायचे ते काही आमच्यासाठी नव्हे, त्या कानांसाठी.

मूळ गोष्टीवर येतो. येतो म्हणतो आणि भलतंच सांगत बसतो, नाही का?

आमच्याकडे एक पद्धत होती. लॉरीखालचा माणूस शेवटचा नट आवळतो, वर उभा असलेला विचारतो, "आय्ता?" म्हणजे झालं का. खालून उत्तर येतं, "आय्तु." म्हणजे झालं. मग वरचा माणूस मडगार्डवर खडूने फुली मारतो आणि लॉरी सुटते. कागद नाही, सही नाही. आय्ता, आय्तु. शेवटचा एक स्वर तेवढा वेगळा.

आईच्या कन्नडमध्ये हे शब्द निराळे आहेत. आमच्याकडे "आतु" म्हणतात, आणि विचारायचं असेल तर "आतेनु?" मी बंगळूरला आलो तेव्हा रंगण्णा त्यावरून माझी फार थट्टा करायचा. "आतेनु आला," असंच म्हणायचा मला बघून. हळूहळू उत्तर मी इथल्यासारखं द्यायला शिकलो. प्रश्न मात्र कायम आईचाच राहिला. आजही मी घाईत कुणाला काही विचारलं तर "आतेनु?" असंच तोंडातून येतं.

निपाणी-बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दगडाच्या खाणीवरची एक लॉरी आली होती, मुनियप्पा नावाचा ड्रायव्हर. स्टीअरिंगचा दांडा चाकाकडे जिथे जोडतात तिथला नट मी आवळत होतो. तो नट हादऱ्याने सैल होऊ नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालतात आणि तिचे दोन पाय वाकवतात. पैशाएवढीही किंमत नसते तिची. जुनी पिन तुटली होती. त्या मापाची नवी माझ्या डब्यात नव्हती — उठून स्टोअरमधून आणायला हवी होती.

वरून रंगण्णाने विचारलं, "आय्ता?"

त्याच दिवशी सकाळी त्याने सगळ्यांदेखत माझं एक काम पुन्हा उघडायला लावलं होतं. पिनचे पाय नीट वाकवले नव्हते म्हणून. चूक माझीच होती, पण मला ते लागलं होतं. एका दिवसात दुसऱ्यांदा पिनेवरून ऐकून घ्यायचं? म्हटलं, हो म्हणू आणि मग गुपचूप घालून टाकू.

मी म्हणालो, "आय्तु."

बाहेर आलो, हात धुतले, चहा आला. आणि मी विसरलो.

नाही. इतकी वर्षं मनातल्या मनात मी हे असंच सांगत आलोय — विसरलो. पण सांगायचंच तर नीट सांगतो. लॉरी फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा मला आठवलं. पेला हातात होता. हाक मारली असती तर ती थांबली असती. मुनियप्पाने खिडकीतून हात हलवला, मीही हलवला. नट घट्ट आहे, चार दिवस काही होत नाही, पुढच्या खेपेला घालू — असं मी स्वतःला समजावलं आणि चहा संपवला.

तिसऱ्या दिवशी तुमकूर रस्त्याच्या उतारावर स्टीअरिंग मुनियप्पाच्या हातात नुसतंच फिरायला लागलं. लॉरी चिंचेच्या झाडावर गेली. तो वाचला, पण डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पुढे चालायला लागला. जड लॉरीचा क्लच दाबणं मात्र त्या पायाला कधीच जमलं नाही. लॉरी ओढून आणली तेव्हा रंगण्णाच आधी तिच्याखाली गेला. बाहेर येऊन म्हणाला, पिन तुटलेली नाही, पिन घातलेलीच नाही.

मालकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. रंगण्णाने सरळ सांगितलं — मी विचारलं, याने आय्तु म्हटलं, मी फुली मारली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग मालक माझ्याकडे वळले. "तू सांग," म्हणाले, मराठीत.

मला भीती वाटली. एवढंच. त्याला जास्त काही नाव देता येत नाही.

मी सांगितलं की मी आय्तु म्हणालोच नाही. पिन आणायला मी रंगण्णाला सांगितलं होतं, आणि खालून विचारत होतो, आणलीत का, आय्ता? शेजारच्या लॉरीचं इंजिन चालू होतं, त्या गडबडीत पिनेचं त्यांना ऐकूच गेलं नसेल, आणि आय्ताचं आय्तु ऐकू आलं असेल. वर हेही म्हणालो की मालक, माझं कन्नड असं मोडकं, माझंही उच्चारात चुकलं असेल. आईच्या भाषेला मी मोडकं म्हणालो! आणि ते खपलं. त्या वर्षी भाषेच्या गोष्टीत बोट घालायला कोण तयार होतं? मालकांनी मान हलवली.

रंगण्णा माझ्याकडे बघत राहिला. मी वाट बघत होतो. त्याने एकच वाक्य म्हणायचं होतं — हा कधी आय्ता म्हणत नाही, हा आतेनु म्हणतो. कारखान्यात हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? तेवढ्याने माझा निकाल लागला असता. 

त्याने हात वर नेला आणि आपल्या कानाला लावला. "तप्पु केळिस्तेनो," म्हणाला, स्वतःशीच. मीच चुकीचं ऐकलं असेल.

आपल्याच कानांपेक्षा त्याने माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. तोंड उघडून त्याला काही सांगायला तेव्हाही वेळ होता. मालक उठून गेले, आम्ही दोघंच उरलो. मी हातपुसणं उचललं आणि कामाला लागलो.

त्यानंतर त्याने कुणाचं काम चूक म्हटलं नाही. इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, डोळे मिटायचा, बराच वेळ ऐकायचा, आणि मग मूठ माझ्याकडे करायचा — तू बघ एकदा. मी बघायचो. तो मनातून जो आकडा धरून असायचा तोच निघायचा, हे मला त्याच्या तोंडावरून कळायचं. पण तो बोलायचा नाही. मालकांनी त्याला सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला बसवलं. हेड मेस्त्री मला केलं. वर्षभराने तो यायचा बंद झाला.

दहा वर्षं मी त्याच्याकडे गेलो नाही. मग एकदा गेलो, चिकपेटच्या मागच्या गल्लीत तो मुलीकडे राहत होता तिथे. का गेलो? सांगायलाच गेलो होतो, असं म्हणायला मला आवडेल. मुलीने कॉफी दिली. म्हणाली, अप्पा प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात, आम्हाला सवय झाली आहे. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतो कानात काही दोष नाही.

रंगण्णाने आतून तो लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि माझ्या हातात दिला. तुझे कान चांगले आहेत, तू ठेव. मी घेतला. नको म्हणायला तोंड होतं कुठे? नजर कुठेतरी वळवायची म्हणून मी दाराकडे बघितलं, तर कडीचा स्क्रू ढिला होता. तो मी आवळायला लागलो.

"आय्ता?" त्याने मागून विचारलं.

"आय्तु," मी म्हणालो.

"आय्ता?" आता तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"आय्तु, रंगण्णा."

तरी तो उठून आला. कडीवर बोटं फिरवली, स्क्रूच्या डोक्यावर अंगठा दाबून पाहिला. कडी पक्की होती. मग तो ओशाळला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बेजार माडकोबेडप्पा, किवी नंबो हागिल्ला." वाईट वाटून घेऊ नकोस बाबा, कानांचा भरवसा राहिला नाही.

तो जाऊन आता वर्ष होईल. स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहे, रोज वापरतो.

त्या दिवशी कडीपाशी मी त्याला काय म्हणालो, तेवढं सांगायचं राहिलं. "असू दे, रंगण्णा," म्हणालो. त्याला माफ करून मी घरी आलो.